‘कर की, कोण नाही म्हणतंय?’

गुहागर तालुक्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

वय ४१. बारावी कॉमर्स, पुढे बी.कॉम.ची दोन वर्षं. २००५ साली एस.वाय. झालं, त्याच मे महिन्यात लग्न झालं आणि टी.वाय. राहिलं ते राहिलंच. गेली तेरा वर्षं गावच्या पतसंस्थेत क्लार्क आहेत. शाखाधिकारी दोन वर्षांनी निवृत्त होणार, आणि त्या जागी पदवीधरच घेतात असं ऑफिसात म्हणतात. घरी यजमान, सासूबाई, बारावी सायन्सला असलेला मुलगा आणि हापूसची चाळीसेक कलमं. ताई लिहितात, “बाई, राहिलेली पदवी पुरी करावी असं फार वाटतं. घरात विषय काढला तर सगळे म्हणाले, कर की, कोण नाही म्हणतंय? तरी माझं पाऊल उचलत नाही. चिपळूणला कॉलेजात नाव घालू की घरी बसून करू? घरी बसून केलेल्या पदवीला किंमत असते का? की मुलाची बारावी होऊ दे, मग बघू? आणि लेकाच्या वयाच्या पोरांत परीक्षेला बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील?” सही केल्यानंतर खाली आणखी एक ओळ आहे. “मुलाच्या फॉर्मवर आईचं शिक्षण लिहिताना दरवेळी पेन जरा थांबतं.”

ताई,

ती सहीखालची ओळ मी सगळ्यात आधी वाचली. उत्तरपत्रिका मागून चाळायची जुनी खोड आहे. चार पानं पतसंस्थेच्या खुर्चीबद्दल आहेत आणि एक ओळ पेनाबद्दल, पण मला तरी पेनाचं कारण जास्त टिकाऊ वाटलं. का ते सांगते, आधी खुर्चीचा हिशोब करू.

शाखाधिकारी दोन वर्षांनी जाणार. पदवी पहिल्यापासून करायची तर कमीत कमी तीन वर्षं. म्हणजे ही जागा भरली जाईल तेव्हा तुम्ही दुसरं वर्ष संपवत असाल. तुम्ही रोजकीर्द मिटवून मगच घरी जाणाऱ्या बाई, हा फरक तुमच्या लक्षात आला नसेल असं नाही. मनानं तो बाजूला ठेवला असेल. तेव्हा एक काम उद्याच करा. ‘पदवीधरच घेतात असं म्हणतात’ यातलं ‘म्हणतात’ काढून टाका. संस्थेच्या सेवानियमांत त्या पदाला काय पात्रता लिहिली आहे ते सचिवांकडे लेखी अर्ज करून विचारा. कुठलीही पदवी चालते की बी.कॉम.च लागते? अनुभवाची सूट आहे का? शिक्षण चालू असलेल्याला प्रभारी नेमता येतं का? मी एका अभ्यासकेंद्रावर सोळा वर्षं रविवारचे वर्ग घेतले. ऑफिसातल्या ऐकीव अटींवर तीन वर्षं घालवून नंतर कपाळाला हात लावणारे मी तिथे पुष्कळ पाहिले.

उत्तर काय येईल ते येवो. ही खुर्ची हुकली तरी पदवी फुकट जात नाही. सहकारात काम करणाऱ्यांसाठी सहकार खात्याची जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशोबशास्त्राच्या सरकारी पदविकेची, परीक्षा आहे, तिला पतसंस्थांत आणि सहकारी बँकांत मान आहे, आणि पदवी हातात असली की तिचं दार तुम्हाला उघडतं. पण फक्त एका खुर्चीसाठी शिकायला बसलात तर ती दुसऱ्या कुणाला मिळाली त्या दिवशी पुस्तकं माळ्यावर जातील. फॉर्मवर थांबणाऱ्या पेनासाठी बसलात तर नाही जाणार.

आता ‘कर की, कोण नाही म्हणतंय?’

हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की मला त्याची भीतीच वाटते. त्यात होकार आहे, पण एका तासाचीसुद्धा सोय नाही. नवऱ्यानं ‘नको’ म्हटलं असतं तर तुम्ही भांडला तरी असता. ‘कर की’ म्हटल्यावर भांडायला जागाच उरत नाही, आणि करायला वेळही. घरातल्या कुणी वाईट हेतूनं म्हटलेलं नाही, मला ठाऊक आहे. त्यांना खरंच वाटतं की शिक्षण म्हणजे फी भरणं आणि परीक्षेला जाणं. मधले तास कुठून यायचे हे त्यांना कुणी विचारलेलंच नाही. तुम्हीही विचारलेलं नाही.

तुमच्या पत्रातलीच यादी मांडते. पहाटे पाणी येतं तेव्हा ते भरणं. डबे. सासूबाईंची बीपीची गोळी आणि महिन्याला डॉक्टर. साडेपाचला घरी आल्यावर मासळी आणली असेल तर ती साफ करणं. मे महिन्यात पेट्यांचा हिशोब आणि उरल्यासुरल्या आंब्यांची साठं. यातलं प्रत्येक काम एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर एक नाव घाला. सगळीकडे तुमचंच नाव येत असेल तर पदवी होणार नाही, हे मी तुम्हाला आजच सांगते. आठवड्याला आठ ते दहा तास लागतात. रोज सकाळचा एक आणि रविवारचे तीन धरा. ते आभाळातून पडत नाहीत, कुणाच्या तरी हातात कोयता किंवा बादली द्यावी लागते.

आणि ते हात घरात आहेत. तुमच्या लेकाची बारावी आहे, म्हणजे त्याचे हात मोडलेले नाहीत. पाणी भरायला वीस मिनिटं लागतात, त्यानं कुणाची सीईटी बुडत नाही. आई शेजारी बसून तिची पुस्तकं वाचतेय, या दृश्याचा त्याला त्रास होण्यापेक्षा आधारच वाटेल असा माझा अंदाज आहे, पण तो तुम्ही त्यालाच विचारा. ‘त्याची बारावी होऊ दे’ म्हणाल तर पुढच्या वर्षी त्याचं ॲडमिशन असेल, मग होस्टेल, मग शेवटचं वर्ष, मग नोकरी, मग लग्न. थांबायला कारण कोकणात कधी कमी पडत नाही, नाहीतर आमच्याकडचे निम्मे रस्ते केव्हाच झाले असते.

आता कॉलेज की घरी बसून. लोक मला आधी ‘कुठलं विद्यापीठ’ विचारतात. मी आधी त्यांचं वर्ष मांडून घेते.

तुमचं वर्ष बघा. फेब्रुवारी आणि मार्च पतसंस्थेची वसुली, मार्चअखेर, ताळेबंद. त्याच दिवसांत शिमगा, पालखी दारात येणार. एप्रिल-मे आंबा आणि चाकरमानी. जूनला पाऊस, लावणी असेल तर तीही. मग गणपती. तुम्हाला खरा मोकळा श्वास दोनदाच मिळतो. एकदा लावणी आटोपल्यापासून गणपतीची साफसफाई सुरू होईपर्यंत, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर जानेवारी संपेपर्यंत. विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा नेमक्या तुमच्या सगळ्यात वाईट महिन्यांच्या आसपास येतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी मागच्या दोन वर्षांची परीक्षांची वेळापत्रकं बघा आणि घरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं मांडा. माहितीपत्रकातलं गुळगुळीत वर्णन नंतर वाचलं तरी चालेल.

नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. गुहागर-चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर, वर नोकरी. हा पर्याय सोडून द्या. त्यात कमीपणा कसलाही नाही.

राहिले तीन मार्ग. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९चं. पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांतून, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं. दुसरं मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण. १९७१ पासून चालू आहे. तुमचं आधीचं विद्यापीठ तेच असेल, तर जुन्या दोन वर्षांची चौकशी पहिल्यांदा तिथेच करा. तिसरं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५चं, केंद्र सरकारचं. पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत, पण एक सोय तुमच्यासारखीला सोन्यासारखी आहे. सत्रान्त परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरला होतात, कुठला विषय कुठल्या खेपेला द्यायचा ते बरंचसं आपल्या हातात असतं, आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. जड विषय डिसेंबरला, हलका एखादा जूनला, असं आंब्याच्या कलानं घेता येतं. फक्त असाइनमेंट वेळेत द्याव्या लागतात, त्यांना तीस टक्के गुण असतात आणि त्या राहिल्या की परीक्षेचं सगळं अडतं.

माझं मत विचाराल तर इंग्रजीचा बाऊ वाटत असेल तर नाशिक, वेळेचा वाटत असेल तर इग्नू.

किंमतीचं विचारलंत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. तेव्हा मान्यता तपासा. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आहे का, आणि तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आहे का, हे दोन्ही. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची काळजी आमची’ असं पत्रक स्टँडवर हातात आलं तर त्यात बोंबील गुंडाळा. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते. वकिली, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग यांची पदवी दूरस्थ पद्धतीनं होत नाही. कुणी देतो म्हणाला तर पैसे बुडाले समजा.

आता त्या दोन वर्षांबद्दल. तुम्ही लिहिलंय, “एफ.वाय., एस.वाय. वाया जाईल याचं वाईट वाटतं.” जाईल कदाचित. हल्ली पदवी क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक विषय पुरा केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांवर चालते. ते ज्या सरकारी ऑनलाइन खात्यात साठतात ती क्रेडिट बँक, आणि तिच्यात जमा झालेल्या क्रेडिटचीही मुदत सात वर्षांची असते. तुमचे गुण वीस वर्षांपूर्वीच्या वार्षिक पद्धतीचे. जुने मार्कलिस्ट घेऊन जा, सूट मिळते का विचारा, मिळाली तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर तिथल्या काउंटरवर वाद घालत बसू नका. त्या दोन वर्षांवर तुम्ही तेरा वर्षं नोकरी केलीत. खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द तुम्हाला पुस्तकातून शिकायचे नाहीत. ते वाया गेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मात्र त्यातच एक खड्डा आहे. पतसंस्थेतली माणसं अकाउंट्सच्या पेपरात मार खातात ती अज्ञानानं नाही, सवयीनं. “आमच्याकडे अशी नोंद करत नाहीत” असं मला एका पिग्मी एजंटानं वर्गात उभं राहून सुनावलं होतं. बरोबर होतं त्याचं, पण पेपर तपासणारा त्याच्या पतसंस्थेत कामाला नव्हता.

कागदपत्रांचं जरा सावकाश वाचा, कारण बायकांचे प्रवेश अडतात ते बहुतेक इथे. तुमच्या दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आता दूरस्थ प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो, त्याला क्रेडिट बँकेचा क्रमांक लागतो, आणि तो आधारवरच्या नावानं निघतो. नावं जुळली नाहीत की गाडी तिथेच रुतते. तुमचं लग्न २००५चं, नोंदणी केली होतीत का? नसेल तर आताही ग्रामपंचायतीत करता येते. नुसत्या विवाह दाखल्यावर भागत नसेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो, त्याला वेळ जातो. आणि पदवीवर कुठलं नाव हवं ते आधी ठरवा. माझ्या एका विद्यार्थिनीनं माहेरचंच ठेवलं. विचारलं तर म्हणाली, “परीक्षा मी ज्या नावानं सोडली त्याच नावानं देणार.” मला ते आवडलं, पण त्यासाठी तिला आधार कार्डासकट सगळीकडे उलटा प्रवास करावा लागला, तेही सांगायला हवं.

बारावीचं सर्टिफिकेट सापडत नसेल तर लक्षात ठेवा, तुमच्या वेळी आपला जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात होता, कोकण मंडळ नंतरचं. दुसरी प्रत काढायची तर आधी कुणाकडे अर्ज करायचा ते फोनवर विचारा आणि मगच निघा. आणि सापडलं असेल तर आजच स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये टाका. २०२१च्या जुलैत चिपळूणला पाणी चढलं तेव्हा माझ्या वर्गातल्या एकाचे सगळे मार्कलिस्ट लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले होते, तरी. आठवडाभरानं त्यानं ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा आत चिखलाची एक वडी होती, आणि तिच्यावर शिक्क्याचा निळा डाग तेवढा ओळखू येत होता.

पैशाचं थोडक्यात. मुक्त विद्यापीठाची फी नियमित कॉलेजच्या मानानं आटोपशीर असते, ती हप्त्यात भरता येते का विचारा. खरा खर्च येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या दिवसांचा. एसटीला २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा हिशोब धरा. परीक्षेच्या रजा संस्थेकडून आधी मंजूर करून घ्या, आणि मार्चमध्ये मागू नका, संबंध बिघडतील.

अभ्यासाचं मी फार सांगणार नाही, तो तुम्हाला जमेल. पण एका गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे हात. वीस वर्षं तुम्ही पावत्या, सह्या आणि कीबोर्ड यापलीकडे लिहिलेलं नाही. सलग दोन-तीन तास लिहायचं म्हटलं की चाळिशीतल्या माणसाचं मनगट तासाभरात भरून येतं. पाठ असलेली उत्तरं निव्वळ हात चालेना म्हणून सोडून आलेल्या बाया मी पाहिल्यात, एकीच्या तर डोळ्यांत पाणी होतं. प्रवेश व्हायची वाट पाहू नका. आजपासून रोज रात्री दोन पानं लिहा, काहीही. पेपरातला अग्रलेख उतरवा, नाहीतर सासूबाई सांगतील तशी साठांची कृती. महिन्यानं चार पानं करा. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या, परीक्षेच्या हॉलमध्ये उजेड बेताचाच असतो.

लोक काय म्हणतील? म्हणतील थोडं. पहिल्या पेपरला एखादं पोर तुम्हाला पर्यवेक्षक समजून उठून उभं राहील, तेवढी तयारी ठेवा. आपल्याच किनाऱ्यावरच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी डोंगर उतरून-चढून साताऱ्याला चालत गेले होते, आणि हा वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे १९१६ साली त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं. परीक्षेच्या दारात वय कुणाचंच बरोबर नसतं असं दिसतं. तुमच्या संपर्कसत्रात निवृत्त पोलीस असतील, आशा सेविका असतील, दोन लेकरांच्या आया असतील. लेकाच्या वयाची पोरं भेटलीच तर त्यांच्याकडून मोबाइलवर फॉर्म भरायचं शिकून घ्या आणि बदल्यात त्यांना जमा-नावे समजावून द्या. माझ्या वर्गात हा व्यवहार वडापावावर चालायचा.

गावात रेंज नसते म्हणून लिहिलंत. व्हिडिओ तासांच्या भरवशावर राहू नका, छापील पुस्तकं येतील असाच प्रवेश घ्या. पावसात फॉर्मची शेवटची तारीख शेवटच्या दिवसावर ठेवू नका. लाइट गेली की चार दिवस येत नाही, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळाला माहीत नसतं.

तर आता क्रम असा धरा. या आठवड्यात सचिवांना अर्ज आणि विवाह नोंदणीची चौकशी. पुढच्या रविवारी चिपळूणच्या अभ्यासकेंद्रात स्वतः जा. जाताना यजमानांना बरोबर न्या, बोलायला नाही, तिथे कोण कोण शिकायला बसलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून. दूरस्थ प्रवेश जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्राला होतात. तुमची कागदपत्रं बघता जानेवारीचं सत्र धरा, नावाचं निस्तरायला वेळ मिळेल आणि पहिला अभ्यास तुमच्या मोकळ्या दिवसांत सुरू होईल. तोवर कामांचा तो कागद पुरा करा. तो दुपारी एकटीनं लिहू नका, रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा लिहा, आणि कुणाचं नाव कुठे घालायचं ते त्यांनाच सांगू द्या. लिहून झाला की कालनिर्णयाच्या शेजारी लावा.

पाण्यासमोर कुणाचं नाव आलं ते मला जरूर कळवा. विषय कुठले घ्यायचे ते मग बोलू.